मदत हवी आहे: पुस्तकावरून कोकणातल्या दीपगृहांची सहल कशी आखावी?

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन अलिबागपासून देवगडपर्यंतची जुनी दीपगृहं बघत जायचा बेत आहे. जमलं तर पुढे गोव्यात आग्वादला. बाबा मालवाहू बोटीवर नोकरीला होते. या किनाऱ्यावरचे दिवे त्यांनी रात्री, समुद्रातूनच पाहिलेत. पायथ्याशी उभं राहून एकही नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

हाताशी भारतातल्या दीपगृहांची माहिती देणारं एक जुनं इंग्रजी पुस्तक आहे. माहिती चोख आहे, पण क्रम दर्यावर्दी माणसाच्या सोयीचा: उत्तरेकडून दक्षिणेकडे, एकापाठोपाठ एक दिवा. प्रत्येक दिव्याचं बांधकामाचं वर्ष, मनोऱ्याचा रंग, प्रकाश किती सागरी मैलांवरून दिसतो आणि किती सेकंदांत किती वेळा लुकलुकतो, ते सगळं आहे. बाबा तो शेवटचा रकाना बोटाने टेबलावर ठोके देत वाचतात आणि पुस्तकात न बघता नाव सांगतात. रस्ता कुठून, वर सोडतात का, किती वाजता, हे मात्र एका ओळीतही नाही.

पुस्तकात दोन उंच्या दिल्यात, एक मनोऱ्याची आणि एक दिव्याची समुद्रसपाटीपासूनची. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे आम्हाला पहिलीच महत्त्वाची. कड्यावरचा दिवा समुद्रातून उंच दिसला तरी मनोरा बुटका असू शकतो, तिथे त्यांना वर जाता येईल असं वाटतं. पण शेवटच्या टप्प्यात काचेच्या खोलीत शिरायला बहुतेक ठिकाणी लोखंडी शिडी असते म्हणे. कोर्लई, अंजनवेलचं टोळकेश्वर, जयगड आणि रत्नागिरी यांपैकी कुठे वयस्कर माणसाला निदान सज्जापर्यंत जाता येतं? चेन्नईला मरिनाच्या दीपगृहात लिफ्ट आहे, तशी कोकणात कुठे आहे का? पर्यटनासाठी देशभरात निवडलेल्या ७५ दीपगृहांचं २०२४ मध्ये लोकार्पण झालं. त्यानंतर आपल्या किनाऱ्यावर प्रत्यक्षात काय बदललं, हे तिथे जाऊन आलेल्यांकडून ऐकायचं आहे.

जयगड मी काही केल्या सोडणार नाही. तिथला मनोरा दगडाचा नाही, ओतीव लोखंडाचा आहे. देवगडचा १९१५ चा, किल्ल्यातच आहे, म्हणजे किल्ला आणि दीपगृह दोन्ही एकदम बघून होतील.

खरा अडलेला प्रश्न खांदेरीचा. १८६७ चं दीपगृह, तेही कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलेल्या बेटावर. बाबांच्या यादीत ते सगळ्यात वर आहे. पुस्तकात फक्त ‘परवानगी आवश्यक’ एवढंच लिहिलंय. ती नेमकी कोणाची? २०२५ मध्ये खांदेरी युनेस्कोच्या यादीत आल्यावर नियम बदललेत का? थळहून होडी मिळते हे माहीत आहे, पण चढता-उतरताना धक्का नीट आहे की पाण्यात उतरावं लागतं? भरती-ओहोटी बघून कुठली वेळ धरावी? मुंबईचं प्राँग्ज आम्ही आधीच सोडून दिलंय. ओहोटीला निसरड्या खडकांतून चालत जाणं बाबांना झेपणार नाही.

दुसरं म्हणजे खाड्या. पुस्तकात शेजारी-शेजारी असलेल्या दोन दिव्यांमध्ये रस्त्याने खाडीचा मोठा वळसा पडतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चारही ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालून जायचा विचार आहे. दीपगृहं बहुतेक संध्याकाळी थोडाच वेळ उघडी असतात असं ऐकलंय. तसं असेल तर अंजनवेल आणि जयगड एकाच दिवशी होणं कठीण, मग मुक्काम गुहागरला करावा की तवसाळच्या बाजूला?

आणि एक. अंधार पडल्यावर आत सोडणार नाहीत हे उघड आहे, पण बाहेरून, थोडं लांबून, दिवा फिरताना नीट दिसेल अशी बसायची जागा कुठल्या दीपगृहाजवळ आहे? बाबांना वर जाता आलं नाही तरी निदान हे तरी व्हायला हवं. गाडी जवळपर्यंत नेता येणारी जागा असेल तर फारच बरं.

अलीकडे कोणी जाऊन आलं असेल तर वेळा, सुट्टीचा वार आणि आत कॅमेरा चालतो का तेवढं सांगा. जुनी माहिती असेल तर सोबत सालही लिहा, म्हणजे पुन्हा विचारून घेता येईल.