मदत हवी आहे: निकॉन डी७००० आणि जुन्या लेन्स विकू की ठेवू?

नमस्कार मंडळी. नुकताच निकॉन झेड६ टू हा मिररलेस कॅमेरा घेतला, त्यामुळे जुना डीएसएलआर डी७००० कपाटात पडून आहे. बॉडी ठणठणीत आहे, शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा) ६०,०००च्या आसपास. कंपनीने शटर दीड लाखापर्यंत तपासलेलं, म्हणजे बरंच आयुष्य बाकी असावं. ग्रिपचं रबर मात्र अंगठ्यापाशी सुटून फुगलंय.

खरा घोळ लेन्सचा आहे. ७०-३०० एएफ-एस आहे, म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच; त्यामुळे एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स नव्या बॉडीला जोडणारा) ऑटोफोकस होतो, ती ठेवणारच. १८-१०५ डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीची; नव्या फुल-फ्रेम बॉडीवर क्रॉप होऊन जेमतेम १० मेगापिक्सेल, काय उपयोग! आणि माझी लाडकी ५० एमएम १.८डी: तिच्यात मोटर नाही, अडॅप्टरवर फोकस हातानेच करावा लागतो. डी७०००च्या बॉडीतच मोटर आहे, त्यामुळे तिथे तीच सुसाट चालते. म्हणून बॉडी विकली तर ही लेन्सही गेल्यातच जमा.

त्यात १८-१०५च्या आतल्या काचेवर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी दिसतेय. मुंबईचा पावसाळा, दुसरं काय. साफ करून विकावी, की आहे तशी सांगून स्वस्तात द्यावी? साफसफाईचा खर्च लेन्सच्या किमतीच्या पलीकडे जाईल अशी शंका आहे.

एक्स्चेंजमध्ये दुकानदार फारच पाडून मागतात. भाचीला फोटोग्राफी शिकायचीय, तिला बॉडी आणि ५० देऊन टाकावी असंही मनात येतं. पण एवढी जड बॉडी नवशिक्याला झेपेल का? फोर्टच्या दुकानांत हल्ली जुन्याला काय भाव मिळतो, कुणी अलीकडे विकलंय का?