मदत हवी आहे: निवाऱ्यातल्या लहान मुलांसाठी

नमस्कार मंडळी. बेघर कुटुंबांच्या एका निवाऱ्यात मी पाच वर्षांखालच्या मुलांना खेळवायला जाते. मूल जरा रुळतंय तोवर कुटुंबाचा मुक्काम हलतो. परत नवी जागा, नवी माणसं. एक तीन वर्षांची मुलगी झोपतानाही खेळणं फ्रॉकच्या आत कोंबून ठेवते. आधी चुरुचुरु बोलायची, आता नुसतं बोट दाखवते.

त्यात आमच्याकडे पुरुषांना प्रवेश नाही, त्यामुळे बाप वेगळीकडे. सुरक्षिततेचं कारण समजतं, पण सरसकट बंदी मला पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं २७ वं कलम मुलाच्या निवाऱ्यासाठी पालकांना मदत करायला सांगतं, मुलापासून तोडायला नाही.

आईबाप दोघांनाही ठेवणारा निवारा कुणी चालवलाय का? रात्रीची व्यवस्था कशी लावली? आणि मुक्काम हलला तरी मुलाची बालवाडी तीच राहावी, लसीकरणाचं कार्ड हरवू नये, यासाठी काय केलंत? कार्ड तर पावसात भिजतं नाहीतर सामानासोबत जातं. फोटो काढून ठेवते, पण आईचा फोनच बदलतो.

(जुने कपडे कृपया नकोत, ते ढिगाने येतात.) प्रत्यक्ष काम केलेल्यांनी जरूर लिहा.