लाकडी किल्ल्याचं नुसतं टेकाड उरलंय, परत बांधावा का?

मुक्काम_बर्मिंगहॅम
वेल्सच्या सीमेवर माँटगोमेरी गावाजवळ हेन डोमेन नावाच्या जुन्या किल्ल्याची जागा आहे. १०७० च्या दशकात रॉजर द माँटगोमेरी या नॉर्मन (फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्यांपैकी) सरदाराने सेव्हर्न नदी पायी ओलांडायच्या उथळ जागेवर नजर ठेवायला बांधलेला, अख्खा लाकडी. आता तिथे किल्ल्यासाठी माती रचून केलेलं, झाडी माजलेलं टेकाड, बाजूचं आवार आणि खंदक, बस. सोबत आलेल्या पाहुण्यांनी सरळ विचारलं, किल्ला कुठंय? एसेक्समध्ये माउंटफिचेटला जुन्या जागेवरच लाकडी किल्ला नव्याने उभारलाय, पोरं धमाल करतात. मग इथे का नाही? माझं मत, बांधाच.

खंदकखोदू
कशावरून बांधणार पण? फिलिप बार्कर आणि रॉबर्ट हायम या पुरातत्त्वज्ञांनी १९६० ते १९९२ एवढी वर्षं तिथे उकरलं आणि तेही आवाराचा साधारण अर्धाच भाग. काही इमारतींच्या खांबांचे खड्डेच नाहीत, तुळया जमिनीवर आडव्या टाकून वर घर उभं केलेलं, म्हणजे लाकूड कुजल्यावर पुरावा काय राहतो तर गोटे कुठे पसरलेत आणि कुठे नाहीत एवढाच. छप्पर, वरचा मजला, सगळा अंदाज.

चहा_बिस्किट
अंदाज तर अंदाज! फ्रान्समधल्या बायो गावच्या, नॉर्मनांच्या इंग्लंडवरच्या स्वारीची गोष्ट सांगणाऱ्या त्या भरतकाम केलेल्या पट्टीवर हेस्टिंग्जला मजूर किल्ल्यासाठी फावड्यांनी माती टाकताना दाखवलेत, फ्रान्समधल्या दिनां गावच्या किल्ल्याला आग लावतानाही दाखवलेत. चित्र समोर आहे, बघून बांधा की.

खंदकखोदू
चित्रात माणूस जवळजवळ किल्ल्याएवढा आहे, तसाच बांधू का? 😄

सह्याद्रीवेडी
आपल्या गडांवर कोणी सिमेंट थापलं की आपणच बोंब मारतो ना, मग तिकडे जाऊन उलटं का बोलायचं? आणि हेन डोमेनच्या मातीखाली किल्ल्याच्याही आधीचं नांगरलेलं शेत सापडलंय, सरी-वरंब्यांसकट. किल्ल्याची माती वर पडली म्हणून ते टिकलं. तिथे पाया खणलात तर ते गेलंच.
इंग्लंडमधल्या मार्लबरोचं टेकाड घ्या. नॉर्मन किल्ल्याचं म्हणून बरेच जण धरून चालले होते, आतून मातीचे नमुने काढून तारखा काढल्या तर निघालं इसवी सनापूर्वी २४०० च्या आसपासचं. नॉर्मनांनी आयतं वापरलं. २०११ मध्ये हे जाहीर झालं. तिथे आधीच कोणी हौसेने लाकडी बुरूज ठोकला असता तर?

मुक्काम_बर्मिंगहॅम
पटत नाहीये. दगडी किल्ला पडका असला तरी लोक बघायला जातात, तिथूनच दीडेक किलोमीटरवर १२२३ मध्ये इंग्लंडच्या राजा तिसऱ्या हेन्रीने सुरू केलेला दगडी किल्ला आहे, तिथे फोटोला गर्दी. लाकडी किल्ला मात्र फक्त अभ्यासकांनी समजून घ्यायचा, बाकीच्यांनी गवत बघून घरी जायचं, हा कुठला न्याय? खाली खणू नका, शेजारच्या शेतात बांधा. तेही नको? मग फोनवर थ्रीडीत दाखवा.

खंदकखोदू
शेजारी बांधायला माझी ना नाही, दर काही वर्षांनी कुजलेले खांब बदलायचे पैसे तेवढे कोण देणार ते सांगा. आणि फोनवर दाखवायचं तरी कुठला? तो किल्ला दीडशेच्या वर वर्षं पुन्हापुन्हा नव्याने बांधला गेलाय, १०९५ मध्ये वेल्शांनी जिंकूनही घेतला होता. सुरुवातीचा दाखवायचा की १०९५ नंतरचा, ते आधी ठरवा.