४०९० : भट्टी खरी, पण...

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड 'आरटीएक्स ४०९० म्हणजे नुसती वीज खाणारी भट्टी' असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं. ४५० वॅट ही कारखान्यातून ठरवून आलेली वीजमर्यादा. ही पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) थोड्याच घटतात आणि खोलीही कमी तापते. ४के वर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खराखुरा हिशोब) लावून खेळायला २०२२ चं हे कार्ड अजून दमदार आहे. २४ जीबी मेमरी ब्लेंडरमध्ये थ्रीडी काम करणाऱ्यांनाही पुरते. १०८०पी मॉनिटरला जोडणार असाल तर मात्र पैसे पाण्यात, कारण प्रोसेसरच आधी धापा टाकतो.

खरी धास्ती त्या १६ पिनांच्या वीज-कनेक्टरची. अर्धवट बसला की वितळू शकतो. शेवटपर्यंत दाबा, आणि केबल लगेच कनेक्टरजवळ वाकवू नका. एवढं तीन स्लॉटचं धूड अरुंद कॅबिनेटमध्ये कोंबलं की केबल काचेला टेकते, तिथेच घोळ होतो. (माझं कार्ड लोंबतंय म्हणून पेन्सिलीचा टेकू दिलाय, हसू नका.)

आणि २०२२ मध्ये १५९९ डॉलरला आलेल्या कार्डावर मॉनिटर जोडायचा डिस्प्लेपोर्ट १.४च? तेव्हाच्या ९९९ डॉलरच्या एएमडीच्या ७९०० एक्सटीएक्स कार्डावर २.१ होतं की!