सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढांवर सीलंट लावून घ्यावे का?

कोथरूडची_आई

नमस्कार. माझी मुलगी गेल्या महिन्यात सात वर्षांची झाली. तिला दातांच्या नेहमीच्या तपासणीसाठी नेले असता, एकही दात किडलेला नसताना, मागच्या चारही दाढांवर सीलंट नावाचे आवरण लावून घ्यावे असे दंतवैद्यांनी सुचवले. समोर रुग्णांची रांग असल्यामुळे मला सविस्तर विचारता आले नाही आणि घरी आल्यावर त्यावरून बरीच चर्चा झाली. सासूबाईंच्या मते हे दुधाचेच दात असून ते आज ना उद्या पडणारच आहेत, तेव्हा त्यांच्यावर खर्च कशाला करायचा. यजमानांना वेगळी शंका आहे. सीलंट लावण्यापूर्वी दातावर आम्ल लावतात असे त्यांना कुठूनसे कळले आणि धडधाकट दातावर आम्ल लावण्याची कल्पनाच त्यांना पटत नाही. माझ्या मनातली भीती अशी की, डोळ्यांना न दिसणारी कीड आत असेल आणि तिच्यावरच झाकण बसवले, तर ती आतल्या आत वाढत जाणार नाही का? शिवाय या आवरणात प्लॅस्टिकसारखे काही द्रव्य असते आणि ते पोटात जाते, असेही ऐकले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बालदंतवैद्य_नाशिक

आपल्या सासूबाईंच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असतो आणि त्यापायी असंख्य दाढा वाया जातात. दुधाचे दात जबड्याच्या प्रत्येक बाजूला पाचच असतात. आरशासमोर मुलीचे तोंड उघडून समोरच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत गेल्यास जो सहावा दात लागतो, तो दुधाचा नसून कायमचा असतो. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडावा लागत नाही, दुखत-खुपत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. हीच दाढ पुढे साठ-सत्तर वर्षे चावण्याचा मुख्य भार उचलणार असते.

आता ती का किडते, ते पाहू. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात आणि त्यांतल्या कित्येक ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात. काहींचा आकार तर सुरईसारखा, म्हणजे तोंडाशी चिंचोळा आणि तळाशी फुगीर असतो. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा लगदा त्या खाचेत जातो, पण मूल कितीही मन लावून दात घासत असले तरी ब्रश तिथे पोहोचत नाही. खाचेतले जंतू त्या पिठूळ-गोड अंशापासून आम्ल तयार करतात आणि खाचेच्या तळाशी इनॅमलचा, म्हणजे दातावरच्या कठीण बाह्य आवरणाचा, थर पातळ असल्यामुळे ते आत शिरायला वेळ लागत नाही. त्यातच नव्याने उगवलेल्या दाताचे इनॅमल पुरते पक्के झालेले नसते. लाळेतली खनिजे शोषून ते हळूहळू कणखर होत जाते आणि दरम्यानची पहिली दोन-तीन वर्षे सर्वाधिक धोक्याची असतात. फ्लोराइडची पेस्ट दाताच्या गुळगुळीत बाजूंना चांगले संरक्षण देते, मात्र खाचांच्या बाबतीत तिचे बळ अपुरे पडते. म्हणून ती खाच भरून टाकायची, म्हणजे अन्नाला आणि जंतूंना तिथे थाराच राहत नाही. सीलंटचे काम एवढेच आहे.

यजमानांची आम्लाबद्दलची शंका रास्त आहे आणि तिच्यामागे एक सुरस इतिहास आहे. कारखान्यांमध्ये धातूवर रंग घट्ट बसावा म्हणून तो आधी फॉस्फोरिक आम्लाने धुतात. ही युक्ती अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात काम करणारे दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी दातावर करून पाहिली आणि आम्ल लावलेल्या इनॅमलला अॅक्रिलिक पक्के चिकटते, असे १९५५ साली प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेले आम्ल ८५ टक्के तीव्रतेचे होते. आज आम्ही बहुधा ३७ टक्क्यांचे, निळ्या लेपाच्या रूपातले आम्ल केवळ १५ ते ३० सेकंद ठेवतो आणि पाण्याने धुऊन टाकतो. त्यामुळे इनॅमलवर सूक्ष्म छिद्रे पडतात आणि दात कोरडा केल्यावर तो भाग खडूसारखा पांढुरका दिसतो. पातळ राळेसारखे सीलंट त्या छिद्रांत झिरपते, निळ्या प्रकाशाखाली साधारण २० सेकंदांत घट्ट होते आणि झाडाच्या मुळांनी माती धरून ठेवावी तसे दाताला धरून राहते. आम्ल लावलेला पण आवरणाखाली न आलेला भाग लाळेतल्या खनिजांमुळे पूर्ववत होतो. यात सुई टोचावी लागत नाही आणि दात कोरावाही लागत नाही.

किडीवर झाकण बसण्याची आपली भीती मात्र थोडी उलगडून सांगावी लागेल. दाताला खड्डा पडलेला असेल तर सीलंट लावत नाहीत, तिथे कीड काढून दात भरावाच लागतो. परंतु खड्डा न पडता केवळ इनॅमलपुरती सुरुवात झाली असेल, तर तिच्यावर सीलंट लावणे आज योग्य उपचार मानले जाते, कारण आत अडकलेल्या जंतूंची रसद तुटते आणि कीड पुढे सरकण्याचे थांबते. अमेरिकन डेंटल असोसिएशन आणि तिथल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने २०१६ साली संयुक्तपणे दिलेली शिफारसही हेच सांगते.

राहिला प्लॅस्टिकचा प्रश्न. सीलंटची राळ बनवताना ज्या बीपीए नावाच्या रसायनाचा संबंध येतो, त्याचा अत्यल्प अंश लावल्यानंतरचे काही तास लाळेत आढळू शकतो. म्हणून आवरण घट्ट झाल्यावर त्याचा वरचा ओलसर थर कापसाने पुसून घेतात आणि मुलाला चूळ भरायला लावतात. आपणही तशी चूळ भरून घेण्याचा आग्रह धरावा. तेवढ्या अंशासाठी दाढ किडू देणे मला व्यवहार्य वाटत नाही.

हिशेबी_ठाणेकर

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, तरीही एक आक्षेप नोंदवतो. प्रत्येक मुलाची दाढ किडतेच असे नाही. मग चारही दाढांवर सरसकट खर्च करण्यापेक्षा, वाट पाहावी आणि एखादी किडलीच तर ती भरून घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे नाही का? माझ्या वडिलांनी आयुष्यभर राखुंडीने दात घासले आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षीही ते ऊस सोलून खात असत.

बालदंतवैद्य_नाशिक

आपल्या वडिलांच्या दातांना नमस्कार. मात्र त्यांच्या बालपणी पाच रुपयांच्या पाकिटातली क्रीमची बिस्किटे शाळेच्या फाटकाशी मिळत नव्हती, हेही लक्षात घ्यावे. आक्षेपाचा गाभा मात्र योग्य आहे आणि म्हणूनच मी सरसकट प्रत्येक मुलाला सीलंट सुचवत नाही. खाचा उथळ असतील, खाण्याच्या वेळा ठरलेल्या असतील आणि दुधाच्या दातांना कधीच कीड लागलेली नसेल, तर लक्ष ठेवून थांबता येते. ज्याच्या दुधाच्या दाढा किडल्या आहेत किंवा ज्याच्या नव्या दाढांच्या खाचा खोल आहेत, त्याच्या बाबतीत वाट पाहणे महागात पडते, कारण किडलेली दाढ भरली म्हणजे प्रकरण संपले असे होत नाही. भरलेले सिमेंट काही वर्षांनी झिजते, पुन्हा भरताना दात थोडा अधिक कोरला जातो आणि पुढे कधीतरी गोष्ट रूट कॅनाल व कॅपपर्यंत जाते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, दिलेल्या आकड्यांनुसार सीलंटमुळे मागच्या दातांतली सुमारे ८० टक्के कीड पहिली दोन वर्षे टळते आणि चार वर्षांपर्यंत हे संरक्षण ५० टक्क्यांच्या आसपास टिकते. संरक्षण घटते याचे मुख्य कारण आवरण झिजणे किंवा त्याचा तुकडा निघणे हे असून, वेळेवर लक्षात आल्यास ते पुन्हा लावता येते.

वरोऱ्याचा_बाबा

आवरण निघण्याचा विषय निघाला म्हणून आमची चूक सांगतो. मोठ्या मुलाच्या दाढांना सहाव्या वर्षी सीलंट लावले. ज्या दवाखान्यात लावले तिथे पुन्हा तपासणीला या असे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही काम झाले असे समजून तीन वर्षे तिकडे फिरकलो नाही. मधल्या काळात खालच्या डाव्या दाढेवरचा अर्धा थर कधी निघून गेला ते मुलालाही कळले नाही आणि शेवटी दाढ ठणकू लागल्यावर आम्ही धावलो. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले की, लावताना बहुधा तिथे लाळ लागली असावी, कारण नीट कोरड्या न झालेल्या दातावर आवरण धरतच नाही. त्यामुळे धाकटीच्या वेळी मी खुर्चीशेजारी उभा राहून कापसाच्या वळ्यांकडे आणि लाळ ओढणाऱ्या नळीकडेच पाहत होतो, ज्याचे तिथल्या मदतनीस ताईंना हसू आले.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. धाकटीच्या दातांवर त्याचे पांढरे पट्टे आहेत. असे इनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही, म्हणून डॉक्टरांनी तिच्या दातांवर लेप नेहमीपेक्षा अधिक वेळ ठेवला. आपल्या मुलांच्या दातांवर अशा पाण्याचे पट्टे असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. एक प्रश्न मलाही आहे: अर्धवट निघालेल्या आवरणामुळेच मोठ्याची दाढ किडली का? ते लावलेच नसते तर बरे झाले असते, असे सौभाग्यवती आजही म्हणते.

बालदंतवैद्य_नाशिक

आपल्या सौभाग्यवतींची समजूत काढण्यास हरकत नाही. सीलंट पूर्ण किंवा अर्धवट निघालेल्या दाढा आणि कधीच सीलंट न लावलेल्या दाढा यांची तुलना झालेली आहे आणि पहिल्या गटात कीड लागण्याचा धोका जास्त आढळला नाही. म्हणजे आवरण निघाल्यावर त्या दाढेचे संरक्षण गेले, पण ते न लावल्यापेक्षा तिची स्थिती वाईट झाली नाही. दर सहा महिन्यांनी आवरणाची कड टोकदार उपकरणाने तपासून घेतली असती, तर पाच मिनिटांत डागडुजी झाली असती. लाळेबद्दल आपण म्हणता ते मात्र शब्दशः खरे आहे. आम्ल धुतल्यानंतर दाताला लाळेचा एक थेंब लागला, तरी ते पुन्हा लावावे लागते.

कोलंबसवासी

मी मूळची सांगलीची आणि गेली चौदा वर्षे ओहायोमध्ये आहे. इथे सीलंट लावण्याचा कार्यक्रम थेट शाळांमध्ये चालतो. ज्या शाळांत गरीब घरांतील मुलांचे प्रमाण जास्त आहे, तिथे प्रशिक्षित कर्मचारी घडीची खुर्ची आणि उपकरणे घेऊन येतात, पालकांचे संमतीपत्र असलेल्या मुलांच्या दाढा तपासतात आणि वर्गाच्या वेळेतच सीलंट लावून देतात. मुख्यतः दुसरी आणि सहावीच्या वर्गांवर भर असतो, कारण पहिली कायमची दाढ सहाव्या आणि दुसरी बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. माझ्या मुलाचे पहिल्या खेपेचे सीलंट शाळेतच झाले. सांगलीला आमच्या लहानपणी शाळेतल्या तपासणीत दात किडला असे कार्डावर लिहून मिळत असे आणि पुढे काय करायचे ते ज्याचे त्याने पाहायचे असे. किडण्याच्या आधी शाळेत कोणी येऊ शकते, हे मला इथे आल्यावर कळले.

कोथरूडची_आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सासूबाईंनी स्वतः चष्मा लावून नातीचे दात मोजले आणि सहावा दात सापडल्यावर त्यांचा विरोध मावळला. एक अडचण उरली आहे. खालच्या उजव्या दाढेच्या मागच्या भागावर अजून हिरडीची घडी आहे आणि ती दाढ पूर्ण वर आलेली नाही. ती पूर्ण येईपर्यंत थांबून चारही दाढांचे एकदमच करावे का? आणि खर्च कमी करायचा झाल्यास काही पर्याय आहे का, तेही सांगावे, कारण माझ्या भावाच्या दोन्ही मुलांचेही हेच वय आहे.

बालदंतवैद्य_नाशिक

थांबू नये. तीन दाढा तयार असतील तर त्यांचे काम आत्ताच करून घ्यावे. अर्धवट आलेली दाढ समोरच्या दाढेला टेकत नसल्यामुळे चावताना घासली जात नाही आणि हिरडीच्या घडीखाली अन्न साचते, म्हणून तिला धोका उलट जास्तच असतो. मात्र ती पूर्ण कोरडी ठेवणे शक्य नसल्याने राळेचे सीलंट तिथे टिकणार नाही. अशा दाढेवर तात्पुरते ग्लास आयोनोमर नावाचे दातांचे सिमेंट लावतात. त्याला थोडा ओलावा चालतो आणि त्यातून फ्लोराइडही झिरपत राहते, पण ते लवकर निघते, म्हणून दाढ पूर्ण वर आल्यावर त्या जागी नेहमीचे सीलंट लावावे लागते. तोपर्यंत त्या दाढेसाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून स्वतः घासून द्यावा. सात वर्षांच्या मुलीच्या हाताला ते जमत नाही. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. दोन दातांच्या मधल्या फटीत सीलंटचा उपयोग नसतो, त्यामुळे ते लावल्यावरही रात्रीचे घासणे चुकवू नये.

खर्चाबद्दल सांगायचे तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत बालदंतचिकित्सेचे स्वतंत्र विभाग आहेत, जिथे पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम माफक दरात करतात. वेळ अधिक लागतो, पण विद्यार्थी कापूस बदलण्याचा कंटाळा करत नाहीत आणि या कामात तेच महत्त्वाचे आहे. पुण्यातल्या खासगी दंत महाविद्यालयांतही चौकशी करून पाहावी. जाताना मुलीचे पोट भरलेले असावे, पण अगदी जेवणावरून उठून नेऊ नये, कारण तोंडात कापसाच्या वळ्या ठेवल्यावर काही मुलांना उमासे येतात.