दुःखाच्या काळात चारचौघांत गायलात का? अनुभव सांगा

सांत्वनाला आलेल्यांशी बोलवत नाही, पण सगळ्यांबरोबर गाता येतं, असं काहीजणांकडून ऐकलं. तुमचं काय? उपयोग झाला नसेल तर तेही लिहा.

प्रतिसाद १
आई गेल्यावर बहीण मला ओढून समूहगानाच्या सरावाला घेऊन गेली. लांब सुरावर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारीण घेत असेल तर आपण थांबायचं, ही तिथली शिस्त. म्हणजे सूर तुटत नाही. दुसऱ्या कडव्याला माझा घसा दाटला. कुणी वळून पाहिलं नाही. गाणं चालूच राहिलं, ध्रुपदाला मी पुन्हा त्यात शिरले. घरी मी रडले की सगळं ठप्प व्हायचं, कुणीतरी पाणी आणायला धावायचं.

प्रतिसाद २
श्वासाचं पटलं. लांब ओळ म्हणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचा वेगही एकाच वेळी कमी-जास्त होतो, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली मांडलं. पण खरं सांगू? नवऱ्याच्या आजारपणात मला घराबाहेर पडायला निमित्त मिळालं, तेच जास्त कामी आलं.

प्रतिसाद ३
माझं उलट. भावाचं आवडतं गाणं सुरू झालं आणि मी उठून बाहेर आलो. परत गेलो नाही. गट चालवणाऱ्यांनो, नव्या माणसाला 'कुठलं गाणं नको?' एवढं आधी विचारत जा.

प्रतिसाद ४
अनुभव माझा नाही, पण सांगतेच. दुसऱ्या महायुद्धात सुमात्रातल्या जपानी छावणीत कैदेतल्या बायकांनी 1943 मध्ये वाद्यवृंदाच्या रचना नुसत्या गळ्याने बसवल्या. मार्गारेट ड्रायबर्ग आणि नोरा चेंबर्स यांनी आठवणीतून स्वरलिपी लिहून काढली. शब्द ठेवलेच नाहीत, त्यामुळे इंग्रज आणि डच बायकांचं भाषेवाचून अडलं नाही. पुढे उपासमारीने, आजाराने कितीतरी जणी दगावल्या आणि गाणंही थांबलं. गाण्याने सगळं निभावतं म्हणणाऱ्यांनी हा भागही वाचावा.

प्रतिसाद ५
नोकरी गेली तेव्हा मित्राने नेलं. मी पक्का बेसूर! तिथले एक काका म्हणाले, "मागे बस, माझ्या आवाजाच्या खाली गा." नोकरीचं कुणी विचारलं नाही, हे सगळ्यात बरं वाटलं. नोकरी लागली, तरी जातो. हल्ली माझ्या शेजारी माझ्याहून बेसूर एकजण बसतो.