अनुभव धागा : सेवा क्लबचं काम, फोटोच्या आधीचं आणि नंतरचं

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांच्या कार्यक्रमांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. मोठा धनादेश, मागे फलक, ओळीने उभे सदस्य. त्या क्षणाआधी कित्येक आठवडे आणि नंतर कित्येक महिने जे चालतं, ते मात्र कुणी लिहून ठेवत नाही. निधी कसा जमवला? हिशोब कोणी ठेवला? दिलेली वस्तू वर्षभरानंतर वापरात होती का? हा धागा त्यासाठी आहे. सदस्यांनी, स्वयंसेवकांनी, देणगीदारांनी लिहाच, पण ज्यांना अशी मदत मिळाली त्यांनी आवर्जून लिहावं. त्यांचं म्हणणं सगळ्यात कमी ऐकलं जातं.

या चळवळीची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत झाली. पॉल हॅरिस हा वकील आणखी तिघांना घेऊन भेटला. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायच्या, म्हणून नाव पडलं रोटरी, म्हणजे फिरतं. तेव्हा हेतू व्यवसायातल्या ओळखीपाळखीचाच होता. दोनच वर्षांत त्यांनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून खटपट सुरू केली आणि क्लबची दिशा बदलली. मग १९१५ मध्ये किवानिस आणि १९१७ मध्ये लायन्स हे तसेच क्लब आले. रोटरी फाउंडेशन या रोटरीच्या निधी-संस्थेची पहिली देणगी होती २६ डॉलर ५० सेंट. कॅन्सस सिटीच्या क्लबने ती दिली होती. हा आकडा मला फार आवडतो.

मी आमच्या क्लबची खजिनदार आहे, तेव्हा पैशापासूनच सुरुवात करते. आमची दोन खाती आहेत. सदस्यांची वर्गणी प्रशासनाच्या खात्यात जाते. सभागृहाचं भाडं, टपाल, बैठकीतलं जेवण, पदग्रहण समारंभ हे सगळं त्यातून. लोकांकडून जमवलेला पैसा सेवाकार्याच्या खात्यात जातो आणि तो लोकांसाठीच खर्च होतो. लायन्समध्ये तर हा लेखी नियमच आहे. एखादा संगीताचा कार्यक्रम केला तर तिकिटांची छपाई, मंडप, ध्वनियंत्रणा हा थेट खर्च त्याच कार्यक्रमाच्या उत्पन्नातून वजा करता येतो. क्लबचं भाडं त्यातून भागवता येत नाही, कितीही अडचण असली तरी.

देणगीची पेटी सीलबंद असते. ती दोघांनी मिळून उघडायची, आणि ते दोघं एका घरातले नसावेत. जागेवर मोजायचं, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या, आणि पूर्ण रक्कम बँकेत. कुणाचा रिक्षाखर्च द्यायचा असला तरी पेटीतून काढायचा नाही, त्याचं वेगळं व्हाउचर करायचं. नव्या सदस्यांना सुरुवातीला हा अविश्वास वाटतो. मी त्यांना सांगते, उद्या कुणी बोट दाखवलं तर ही चिठ्ठी तुमच्याच बाजूने बोलेल.

आता तुम्ही लिहा.

*

आमच्या क्लबचा सगळ्यात मोठा निधी जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून येतो. स्मरणिका काढून पाहिली, सोडती काढून पाहिल्या. स्मरणिकेला जाहिराती देणारे तेच तेच लोक असतात, आणि दर वर्षी त्यांच्याच दारात जायला संकोच वाटतो. पुस्तकांचं तसं नाही. देणारा आनंदाने देतो, घेणारा आनंदाने नेतो, आणि मधल्या मध्ये एखाद्या शाळेचं ग्रंथालय उभं राहतं.

पण काम प्रचंड आहे. विक्री दोन दिवसांची आणि तयारी जवळजवळ वर्षभराची. पुस्तकं खोक्यांत येतात, बहुतेक वेळा माळ्यावरून थेट. पहिली चाळणी वासाची. बुरशीचा वास आला की ते खोकं बाहेर, कारण एका पुस्तकाची बुरशी शेजारच्या चांगल्या पुस्तकांत पसरते. दुसरी चाळणी काळाची. जुने ज्ञानकोश, मागच्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, कधीच्या काळची संगणकावरची पुस्तकं कुणी घेत नाही. ही रद्दीतच जायला हवीत. देणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून पुस्तकं घेतानाच आम्ही हे स्पष्ट सांगतो. मग विषयवार वर्गवारी. खोकी लहानच वापरायची, कारण पुस्तकांनी भरलेलं मोठं खोकं उचलताना कंबर धरते आणि आमच्या निम्म्या सदस्यांनी साठी ओलांडलेली आहे.

किमतीवरून दर वर्षी वाद होतो. काहींना वाटतं, प्रत्येक पुस्तकाची किंमत वेगळी लावावी. मी कायम एकसारख्या दराच्या बाजूने असतो : मोठ्यांच्या पुस्तकांना एक दर, मुलांच्या पुस्तकांना त्याहून बराच कमी. त्यामुळे रांग पटपट सरकते, हिशोब सोपा होतो आणि मुलांना स्वतःच्या हाताने चार पुस्तकं निवडता येतात. दुर्मीळ काही सापडलं तर तेवढं वेगळ्या टेबलावर. पहिल्या तासात जुन्या पुस्तकांचे व्यापारी येतात. त्यांना हटकू नये, तेही पैसे देतातच. फक्त एका फेरीत किती पुस्तकं न्यायची याची मर्यादा ठेवली की बाकीच्यांनाही संधी मिळते.

पुस्तकांत काय काय सापडतं! वाळलेली पानं, प्रवासाची तिकिटं, पत्रं. एका कवितासंग्रहात एका आजोबांनी आजींना लिहिलेलं पत्र होतं. पुस्तकावर नाव होतं, त्यावरून कुटुंबाचा शोध लागला आणि पत्र त्यांच्या मुलीकडे पोचवलं. तेव्हापासून प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकण्याचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

*

मी चाकाची खुर्ची वापरते. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून मला खुर्ची मिळाली, दोन्ही अनुभव लिहिते.

पहिल्या वेळी मोठा कार्यक्रम होता. आम्हा सगळ्यांना सकाळीच बोलावलं होतं. पाहुणे उशिरा आले, भाषणं झाली. व्यासपीठावर जायला उतार नव्हता, म्हणून चौघांनी मला उचलून नेलं. खुर्ची सगळ्यांना एकाच मापाची. माझ्यासाठी ती रुंद होती. रुंद खुर्चीत शरीर एका बाजूला कलतं, आणि ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला बसून बसून कधी जखम झाली ते कळतही नाही. अशा जखमा भरायला महिने लागतात, काही जिवावर बेततात. गादी तर दिलीच नव्हती. त्या माणसांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मनापासून म्हणते. पण लाभार्थी म्हणून नाव पुकारलं जाण्यापलीकडे त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या क्लबमधून आधी फोन आला. एक भौतिकोपचारतज्ज्ञ घरी आल्या. बसल्यावर कमरेची रुंदी, मांडीची लांबी, पायाच्या पट्टीची उंची मोजली. दारं किती रुंद आहेत, बाहेरचा रस्ता कसा आहे, मी दिवसातून किती तास बसते, तेही विचारलं. खुर्ची यायला वेळ लागला. आली तेव्हा गादीसकट आली आणि कुठे दाब येतो ते त्यांनी हात घालून तपासलं. पुढे काही महिन्यांनी ब्रेक सैल झाला का, चाकाची हवा कमी होते का, हे विचारायला परत फोन. फोटो काढायचा का, हेही विचारलं होतं. मी नको म्हटलं, त्यांनी नाही काढला.

क्लबांना माझं एवढंच सांगणं आहे : शंभर खुर्च्यांचे पैसे असतील तर कमी खुर्च्या घ्या, आणि उरलेले पैसे मापं, गाद्या आणि दुरुस्तीवर खर्च करा.

*

वरचं वाचून आमच्या सचिवांना पाठवलं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घेतो म्हणाले. ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

*

रक्तदान शिबिराबद्दल लिहितो. दर वर्षी एकाच दिवशी विक्रमी संकलन करायचं, अशी आमची पद्धत होती. मग रक्तपेढीच्या डॉक्टरांनी अध्यक्षांना बसवून गणित समजावलं. तांबड्या पेशी साठवणुकीच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम ५ ते ७ दिवस. एकाच दिवशी डोंगराएवढं रक्त आलं तर काही वापराविना मुदतीबाहेर जातं. शिवाय त्या सगळ्या दात्यांना पुढचे काही महिने रक्त देता येत नाही. म्हणजे ऐन तुटवड्यात हाक मारायला कुणी उरत नाही.

आता आम्ही छोटी शिबिरं घेतो, रक्तपेढी सांगेल त्या महिन्यात. सुट्ट्यांच्या काळात नेहमीचे दाते गावाला जातात, तेव्हा मुद्दाम घेतो. बातमी छापून येत नाही एवढं खरं, आणि काही जुन्या सदस्यांना ते अजून खटकतं. त्याशिवाय रक्तगटानुसार दात्यांची यादी केली आहे. रात्री फोन केला तर चालेल का, हे प्रत्येकाला आधीच विचारून ठेवलंय.

*

मी ज्या पिढीतली आहे, तिला क्लब पतीमुळे माहीत झाला. रोटरीत स्त्रियांना सदस्यत्व नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबने १९७८ च्या सुमारास तीन स्त्रियांना सदस्य करून घेतलं, म्हणून त्या क्लबची सनदच काढून घेतली होती. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८७ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला, आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. लायन्सनेही १९८७ मध्येच दार उघडलं.

त्याआधी आम्ही काय करत होतो? सगळंच. शिबिराच्या नोंदी, स्वयंपाक, रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलणं, औषधांच्या पुड्या बांधणं. इतिवृत्तात मात्र "सदस्यांच्या पत्नींचे सहकार्य लाभले" एवढीच ओळ असे. रोटरी सदस्यांच्या पत्नींची इनर व्हील ही संघटना १९२४ पासून होती आणि तिचा मला आदर आहे, पण निधी कुठे खर्च करायचा त्या टेबलावर आमची खुर्ची नव्हती. सदस्य झाल्यावर माझा पहिला ठराव होता, शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला दार, कडी आणि पाणी. त्याआधी त्याच शाळेला क्लबने घड्याळ दिलं होतं, व्यासपीठ बांधून दिलं होतं. दाराचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि पाण्यासाठी आम्ही टाकी देऊन थांबलो नाही. ती धुवायची कोणी, मोटर बिघडली तर पैसे कुठून, हे मुख्याध्यापिकांबरोबर लिहून घेतलं. त्या ठरावावर सही करताना हात थरथरला होता माझा, आनंदाने.

*

जुन्या चष्म्यांच्या संकलनाबद्दल थोडं. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध उभं राहायचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम ही लायन्सची ओळख आहे. चष्मे गोळा करणं त्यातलाच एक भाग. मी वर्गवारी करते. धुवायचे, लेन्सोमीटरवर नंबर काढायचा, लेबल लावायचं. बरेचसे चष्मे ओरखडे पडलेले, काड्या तुटलेले निघतात. चांगला निघाला तरी दोन्ही डोळ्यांचे नंबर, सिलिंडरचा (तिरक्या नंबरचा) अक्ष, बुबुळांमधलं अंतर हे सगळं दुसऱ्या एखाद्या माणसाशी जुळणं अवघड. म्हणून जवळचं वाचायला त्रास होणाऱ्यांसाठी आम्ही आता नवे तयार चष्मेच घेतो. गोळा केलेल्यांतले साध्या नंबरचे ठेवतो. द्यायचेच असतील तर कृपया डबीत घालून द्या, पिशवीत सुटे टाकू नका.

*

मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, पायाला कॅलिपर (आधाराच्या पट्ट्या) लावून चालतो. क्लबच्या पोलिओ निधीसाठी पेटी घेऊन मी स्वतः उभा राहतो. लोक विचारतात, पोलिओ संपला ना? मी सांगतो, १९८८ मध्ये १२५ हून जास्त देशांत वर्षाला साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. आता नैसर्गिक विषाणूचं ठाण मांडून बसणं पाकिस्तान आणि अफगाणिस्तानपुरतं उरलंय. पण विषाणू प्रवास करतो. लस देणं थांबवलं तर तो परत येईल. मी एवढं बोलतो, माझ्या पायाकडे त्यांचं लक्ष जातं, आणि बहुतेक जण पेटीत काहीतरी टाकतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. माझा पाय या कामाला लागतोय.

*

क्लबच्या शिष्यवृत्तीवर शिकले. पैशाइतकाच उपयोग झाला तो दर महिन्याला फोन करणाऱ्या एका काकूंचा. गुण कधीच विचारले नाहीत, "जेवतेस ना वेळेवर?" एवढंच. क्लबांनी धनादेशाबरोबर असं एक माणूसही नेमून द्यावं.

*

शेवटी रुग्णसाहित्य केंद्राबद्दल. आमच्याकडे रुग्णाची खाट, हवेची गादी, वॉकर, कमोडची खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र) एवढं सामान आहे. अनामत रक्कम घेऊन देतो, वस्तू परत आली की अनामत परत. जमवलेला निधी खरेदीत संपतो आणि देखभालीला पैसा उरत नाही, ही सगळीकडची रड आहे. म्हणून आम्ही दर वर्षीच्या निधीतला ठरावीक वाटा दुरुस्तीसाठी बाजूला काढतो आणि त्याला हात लावत नाही. कॉन्सन्ट्रेटरचे फिल्टर बदलावे लागतात, ऑक्सिजनचं प्रमाण मीटरने तपासावं लागतं. हवा फेकतो म्हणजे चालतोय असं नाही.

परत आलेली वस्तू धुऊन, निर्जंतुक करून, तपासूनच पुढे जाते. पुष्कळदा ती घरातलं माणूस गेल्यानंतर परत येते. नातेवाईक दारात उभे राहतात, पावती शोधतात, मग काहीतरी बोलू लागतात. केंद्रावर बसणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगून ठेवलंय, अशा वेळी आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं, ऐकायचं. अनामतीचा हिशोब नंतर. बरेच जण ती रक्कम केंद्रालाच देऊन जातात. पण तसं कुणी सुचवायचं नाही, हाही नियम आहे. पूर्ण रक्कम आधी त्यांच्या हातात द्यायची. त्यांनी ती परत दिली, तरच देणगीची पावती फाडायची.